पडवीतली प्रयोगशाळा

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं, की माझं काम चकली-चिवड्याच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखं नाही. ते म्हणाले, लिहा तर खरं. म्हणून लिहिते आहे. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावं. शहापूर-मुरबाडच्या बायकांनी तो संकोच तेव्हाच बाजूला ठेवला होता. त्यांच्यापुढे माझा काय टिकणार?

मी लॅब टेक्निशियन. कागदोपत्री प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पण त्या नावाने मला कधी कोणी हाक मारली नाही. डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवर मी 'काचवाली बाय' होते. माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते काचेवर घेऊन बघण्यात माझा जन्म गेला. मलेरियाचं रक्त पाहिलं, क्षयाची थुंकी पाहिली. पण त्यातली काही वर्षं मी एकाच जिवाच्या मागे होते. ती वर्षं सगळ्यात अवघड गेली आणि मला अभिमान आहे तो त्यांचाच.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. एड्सचं नाव गावोगावी पोचलं होतं आणि मुंबई-नाशिक रस्त्यालगतच्या गावांची सगळ्यांनाच काळजी वाटायला लागली होती. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने ठरवलं, की शहरात बसून अंदाज बांधण्यापेक्षा खेड्यातल्या लग्न झालेल्या बायकांमध्ये शरीरसंबंधातून होणारे आजार किती आहेत ते एकदा नीट मोजावं. शहापुरात बाजारपेठेच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. एकीत तपासणी, दुसरीत माझी लॅब. डॉक्टर होत्या वसुधा मॅडम, स्त्रीरोगतज्ज्ञ, उंच, कमी बोलणाऱ्या. मी मुरबाडची, कल्याणच्या एका खाजगी लॅबमध्ये नोकरी करत होते. घराजवळ काम मिळतंय म्हणून आले. मोठं समाजकार्य करायचं वगैरे डोक्यात काही नव्हतं.

ज्या जिवाच्या मागे आम्ही होतो त्याचं नाव ट्रायकोमोनास. एका पेशीचा. आकार लसणीच्या पाकळीसारखा आणि एका टोकाला केसासारख्या चार शेपट्या. तो अंगात असला की बाईला पिवळसर, फेसाळ, वासाचं पाणी जातं, खाज सुटते, लघवीला आग होते. कित्येकींना मात्र काहीच होत नाही. पुरुषांना तर बहुधा पत्ताही लागत नाही, पण तो त्यांच्या अंगात राहतो आणि त्यांच्याकडून बाईकडे येतो. आमच्याकडे अंगावरून जाण्याच्या सगळ्या प्रकारांना मिळून एकच शब्द आहे, धुपणी. धुपणी म्हणजे बाईच्या जातीला असायचीच, असं धरून बायका वर्षानुवर्षं तशाच राबतात. खरं तर तिची कारणं चार-पाच आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून काच लागते.

आणि काचेखाली याला ओळखायची खूण एकच, तो हलतो. झटके देत, गिरक्या घेत फिरतो. एकदा बघितला की कोणी विसरत नाही. पण थंडी लागली किंवा वेळ गेला की तो निपचित पडतो, आणि मग पूच्या पेशी कोणत्या आणि हा कोणता हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. अंगातून काढलेला नमुना ऊब आहे तोवर, चहा निवायच्या आत, बघून व्हायला हवा.

आमची पहिली योजना अशी होती, की मॅडम आणि आमची नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणायचे, जीपने पाड्यावर जातील, बायकांना तपासतील, कापसाच्या काडीवर नमुने घेऊन परततील आणि मी शहापुरात ते बघेन. त्याप्रमाणे नमुने यायला लागले. मी एकेक काच लावून डोळे फुटेस्तोवर बघायची. काही नाही. मॅडम म्हणायच्या, त्या अमक्या बाईला बघताक्षणी मला शंका आली होती, नीट बघा. मी परत बघायची. काही नाही. असे कितीतरी दिवस गेले. मला रात्री स्वप्नात काच दिसायची, तीही रिकामी.

मग एकदा शहापुरातलीच एक बांगडीवाली स्वतःहून दाखवायला आली. शेजारच्या खोलीत मॅडमनी नमुना घेतला आणि भिंतीपलीकडून हातात दिला. काच लावली, आणि समोर जत्रा. एक नाही, दोन नाही, सगळीकडे गिरक्या. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाल्या, "डोळखांबचे सगळे वाटेतच मेले म्हणायचे." थंडीचे दिवस, उघडी जीप, घाटवळणाचा रस्ता. आमच्याकडे पोचेपर्यंत सगळं गारठलेलं असायचं.

मी म्हटलं, मग आता? मॅडम म्हणाल्या, तो आपल्याकडे येत नसेल तर आपण त्याच्याकडे जाऊ.

त्या एका वाक्याने माझी शहापुरातली खुर्ची गेली. मायक्रोस्कोप लाकडी पेटीत, पेटी गोधडीत आणि गोधडी माझ्या मांडीवर, असा आमचा डोळखांबचा प्रवास सुरू झाला. रस्ता संपला की पेटी डोक्यावर. पाड्यावर वीज नव्हती, म्हणून दिव्याचा मायक्रोस्कोप चालणार नव्हता. संस्थेच्या अडगळीतून आरशाचा जुना मायक्रोस्कोप काढून आणला. आरशाने ऊन पकडायचं आणि ते काचेवर सोडायचं. ढग आला की काम बंद. काच ओली करायला मिठाचं निर्जंतुक पाणी लागतं. ते गार असलं तरी जीव दगावतो, म्हणून त्याची बाटली मी पदराखाली पोटाशी बांधून ठेवायची. सिस्टर हसायची, तुझं बाळ किती महिन्यांचं झालं म्हणून.

प्रश्न जागेचा होता. शाळेत बसलो तर ओट्यावर पुरुष येऊन बसायचे, मग बायका कशाला येतील? पाड्यावर बुधीआजी म्हणून सुईण होती. तिथली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. (पाड्याचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही नावं बदलली आहेत. आजार अजून बदनामच आहे.) धुपणीवर ती उंबराची साल उकळून द्यायची. आम्ही तिच्या पोटावर पाय आणायला आलोय असं तिला वाटेल, ही आमची भीती. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तू त्या नळीतून काय बघतेस ते मला दिसेल का. मी म्हटलं, दिसेल. तर म्हणाली, मंग बसा माझ्या पडवीत.

अशी आमची लॅब झाली. आत कुडाच्या खोलीत मॅडम तपासायच्या, मध्ये लुगड्याचा आडपडदा आणि बाहेर पडवीत उन्हाच्या तिरिपीला मी. काडी आतून माझ्या हातात यायला जेमतेम दोन श्वास. दुसऱ्याच खेपेला एक काच जिवंत निघाली. मी आजीला बोलावलं. एक डोळा मिटायला तिला जमेना, मी तळहाताने झाकला. ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "भाताच्या आवणीला खाचरातल्या पाण्यात बेडकाची बारकी पिल्लं वळवळतात नाय, तशी हायेत गो. आनि ही बायच्या अंगात?"

त्या दिवसापासून उंबराची साल बंद झाली असं नाही. पण आजी बायकांना सांगायला लागली, आधी काचवालीकडं जा, ती नाय म्हनली तं माझ्याकडं या.

आमच्या कामात एक मेख होती, ती बाहेरच्यांना चटकन कळत नाही. एखादा आजार किती जणींत आहे हे मोजायचं तर तक्रार घेऊन येणाऱ्याच बायका बघून भागत नाही. घराघरातल्या, काहीही त्रास नसलेल्यासुद्धा तपासाव्या लागतात, नाहीतर आकडा खोटा निघतो. धडधाकट बाईला नाचणीची कामं सोडून तपासायला बोलावणं म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय समजायचं नाही. मला काय बी झालं नाय, मी कशाला येऊ, हे उत्तर ठरलेलं. त्यावर आम्ही कितीही समजावलं तरी आजीचं एकच वाक्य चालायचं. ती म्हणायची, कणगीत किडा हाय का नाय ते कणगी सांगत नाय, उघडून बघाया लागतं.

गिऱ्हाइकंही एकेक. एक म्हातारी प्रत्येक खेपेला येऊन पहिला नंबर लावायची. आमच्या वयोमर्यादेत ती कुठेच बसत नव्हती. मॅडमनी शेवटी एकदा तिला तपासलं. तिला काहीच नव्हतं. मी तसं सांगितलं तर हिरमुसली. म्हणाली, एवढी वरसं काडली, कोनी इचारलं तरी नाय, आनि आता इचारतेस तं काय नाय म्हनतेस. दुसरी एक तपासून झाल्यावर जाईचना. तिला तिची काच परत हवी होती. अंगातलं काही परक्याच्या हातात राहिलं आणि त्यावर कोणी करणी केली तर? सिस्टरला हसू आलं, पण मला तिचं पटलं. माझ्या अंगातलं काही कोणी पेटीत घालून नेलं असतं तर मीही विचारलं असतं. त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांसमोर काड्या जाळायच्या आणि काचा ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायच्या, असा पायंडा पाडला. बायका वर्तुळ करून बघत उभ्या राहायच्या. करणीची भीती गेलीच, आणि आमची स्वच्छताही आपोआप चोख राहिली.

नुसत्या काचेवरही भागत नव्हतं. नमुन्यात जीव थोडे असले तर काचेत सापडत नाहीत. म्हणून दुसरी काडी आम्ही एका पोषक द्रवाच्या नळीत बुडवायचो आणि कोमट पाण्याच्या थर्मासात घालून शहापूरला आणायचो. तिथे उबेच्या पेटीत ठेवलं की असलेले जीव वाढतात आणि काही दिवसांत दिसायला लागतात. याला कल्चर म्हणतात. वीज गेली की मी त्या पेटीभोवती गरम पाण्याच्या पिशव्या रचून बसायची, कोंबडी अंड्यांवर बसते तशी. काचेने नाही म्हटलेल्या कितीतरी जणी कल्चरमध्ये सापडल्या. म्हणजे परत जाऊन सांगायचं, की मागे नाही म्हटलं होतं पण आहे.

मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याला अशीच एक होती. तिच्या घरापर्यंत रानातून बरीच चढण. मी आणि सिस्टर गोळ्या घेऊन गेलो तेव्हा ती हिरडे वाळत घालत होती. मी घाबरतच सांगितलं. तिने हात पुसले आणि म्हणाली, "मला ठावंच होतं. तुमाला उशिरा कळलं एवढंच." गोळ्या घेतल्या, नवऱ्यालाही आमच्यासमोर घ्यायला लावल्या आणि आम्हाला काळा चहा पाजला. सगळ्याच जणी तशा असत्या तर मला लिहायला काही उरलं नसतं.

आता नवशीबद्दल. तिच्यासाठीच खरं तर हा लेख.

नवशी बुधीआजीच्या पाड्यावरची सून. वय फार तर बावीस-तेवीस, बारीक अंगाची, कपाळावर गोंदण. नवरा काशिनाथ दर वर्षी भात झोडून झालं की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा. त्या वर्षी तिचं मूल लहान म्हणून ती घरी राहिली होती आणि तो एकटा गेला होता. नवशी तपासायला आली तेव्हा तिची काच भरलेली होती. आम्ही गोळ्या दिल्या. जुलाबाच्या आजारावर देतात त्याच जातीच्या गोळ्या, सगळ्या एका वेळी घ्यायच्या. तोंडाला तांब्याचं नाणं चघळल्यासारखी चव येते. नवरा आला की त्यालाही घेऊन ये, असं सांगितलं. पुढच्या खेपेला काच साफ होती. ती म्हणाली, लग्नापासून पहिल्यांदा खाज न येता झोपले.

होळीला काशिनाथ आला आणि गेला. त्याला आम्ही गाठू शकलो नाही. त्यानंतरच्या खेपेला नवशीची काच परत भरलेली.

तोवर पाड्यावर कुजबुज सुरू झाली होती, की हा आजार वाईट चालीच्या बायकांना होतो. कोणी शहापूरहून ऐकून आलं होतं. नवशीच्या सासूने हिशेब मांडला, मुलगा भट्टीवर, सून घरी एकटी, आणि आजार मात्र सुनेला. ती सरळ बुधीआजीच्या पडवीत आली आणि मला म्हणाली, की ह्या बायचं काय ते खरं सांग, नायतर तिला माहेरी धाडते, नातू इथंच राहील.

नवशी शेजारी उभी होती. मी काही बोलायच्या आधी तीच बोलली. आवाज न चढवता.

"मी बरी झाली हुती. बायने काचंत बगून सांगितलं. मंग तो आला. मंग मला परत झालं. मदी मी कुटं गेली नाय, कोन आलं नाय. आता कुनाच्या अंगात हाय ते तुमीच इचार करा."

मॅडम आतून बाहेर आल्या होत्या. आम्ही इतकी वर्षं शिकून जे सांगितलं असतं तेच तिने सांगितलं होतं, आणि आमच्यापेक्षा सोपं करून. सासूने मानलं नाही. म्हणाली, माझ्या पोराला कसला बी तरास नाय. ते खरंच होतं, आणि तीच तर अडचण होती.

काशिनाथ पावसाळ्याआधी घरी आला. आम्ही त्याला गाठलं. दणकट, हसरा माणूस. गोळ्या घेताना वाद घातला नाही. बायको म्हणते तर घेतो, म्हणाला. मॅडमनी त्याला नीट सांगितलं, की या गोळ्यांवर दोन-तीन दिवस दारूचा थेंबही चालत नाही. त्याने मान डोलावली. पण त्याच दिवशी पाड्यावर चुलतभावाची हळद होती. हळदीला मोहाची नको म्हणणारा माणूस तिथे अजून जन्मायचा होता.

व्हायचं तेच झालं. तोंड लाल, छातीत धडधड, भडभडून ओकाऱ्या. ऐन हळदीत नवऱ्यामुलाचा भाऊ आडवा. सकाळपर्यंत तो उठून बसला, पण बातमी डोंगर उतरून खाली गेली, की काचवालीने विषाच्या गोळ्या दिल्या, पुरुषांना मारायला आल्यात. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर पडवी रिकामी. आजूबाजूच्या पाड्यांवरही तेच. एक बाई येईना. विहिरीवर भेटल्या तरी तोंड फिरवायच्या. मुंबईहून निरोप आला, की तो भाग वगळून दुसरीकडची गावं घ्या.

मॅडम म्हणाल्या, वगळला तर आकडा पूर्ण होईल, पण या बायकांचं काय झालं ते कोणालाच कळणार नाही. शिवाय नवशी होती. तिच्या सासूने आता दोन्ही गुन्हे तिच्या माथी मारले होते, आजार आणलास आणि नवऱ्याला विष चारलंस. तिला घेऊन जायला माहेरी तिच्या भावाला बोलावणं गेलं होतं.

मी आणि बुधीआजी काशिनाथकडे गेलो. तो अंगणात कुळव दुरुस्त करत होता. मला बघून त्याने मान वर केली नाही. मी म्हटलं, गोळी विष नाही, दारूशी तिचं वैर आहे, हे मी शंभर वेळा सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. तुमच्या अंगात काही आहे की नाही ते तुम्हीच बघा. नसेल तर मी पुन्हा या पाड्यावर येणार नाही.

हे बोलायला नको होतं. कारण पुरुषाच्या नमुन्यात हा जीव सापडणं फार कठीण. सकाळची पहिली लघवी घ्यायची, हाताने फिरवायच्या यंत्रावर नळी गरगरा फिरवून तळाचा गाळ काढायचा आणि तो बघायचा. तरी बहुतेक वेळा काही दिसत नाही. शिवाय त्याने गोळ्या घेतल्या होत्या, भले ओकून टाकल्या असतील. मी मॅडमना न विचारता सगळा डाव एका काचेवर लावला होता. त्यांना सांगितलं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, ऊन चांगलं पडू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथ नमुना घेऊन पडवीत आला. एकटा. बाकीच्यांना आजीने अंगणाबाहेर थोपवलं होतं. एखाद्याचा आजार चार लोकांत उघडा करायचा नाही, हा आमचा नियम, आणि तो त्या दिवशीही मोडला नाही. मी यंत्राचा दांडा फिरवला, गाळ घेतला, पोटाशी धरलेली बाटली काढून थेंब टाकला आणि आरसा उन्हाला लावला.

पहिली काच रिकामी. दुसरीही रिकामी. तिसऱ्या काचेच्या कडेला काहीतरी थरथरलं. मी काच सरकवली. तो एकटाच होता, पण जिवंत होता, शेपट्या झाडत एका जागी गिरक्या घेत होता. मी बाजूला झाले आणि काशिनाथला बघायला सांगितलं.

तो खूप वेळ वाकून बघत होता. मग सरळ झाला.

"ह्यो माझ्या अंगातला?"

"तुमच्याच."

"आनि मला कायच कळत नाय?"

"पुरुषांना बहुतेक कळत नाही. तुम्ही खोटं बोलत नव्हतात."

तो पडवीच्या मेढीला टेकून बसला. भट्टीवर काय झालं, कुठे झालं, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तो म्हणाला, "मंग तिला बोल कशाला लावला आमी?" याचं उत्तर त्याने घरी जाऊन द्यायचं होतं.

ते त्याने दिलं. कसं ते मला आजीकडून कळलं. आईला समोर बसवून त्याने सांगितलं, की आजार माझा हाय, तिचा नाय. एवढंच. आमच्याकडे मुलगे आईला असं सांगत नाहीत. सासूने दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी नवशीच्या भावाला निरोप गेला, की येऊ नको, सगळं बरं हाय. नवशी मला भेटली तेव्हा हसली वगैरे नाही. माझ्या हातातली पेटी घेतली आणि रस्त्यापर्यंत डोक्यावर वाहून आणून दिली.

काशिनाथने नवशीबरोबर दुसऱ्यांदा गोळ्या घेतल्या आणि या वेळी मोहाला शिवला नाही. पुरुषांमध्ये त्याने गोष्ट आपल्या पद्धतीने फिरवली. गोळी खरी हाय, दारूला पण हरवते, असं काहीतरी. शास्त्राच्या दृष्टीने ते फारसं चूक नव्हतं. पडवी हळूहळू भरायला लागली, आणि बायकांच्या मागोमाग अंगणाच्या कडेला एक-दोन नवरेही दिसायला लागले. तोंड दुसरीकडे करून उभे, पण उभे.

काम पूर्ण झालं तेव्हा अहवाल निघाला. आकडे मी इथे लिहीत नाही, ते ज्यांना हवेत त्यांना मिळतात. एवढंच सांगते, की डोंगरातल्या बायका उगाच कुरकुरतात असं जे म्हटलं जायचं, ते त्या अहवालानंतर म्हणता येईना. ज्यांना काही त्रास नव्हता त्यांच्यातही आजार निघाला होता, म्हणजे घरोघरची ती वणवण फुकट नव्हती. माझ्या तपासण्यांची मुंबईत फेरतपासणीही झाली. कोणाचा नमुना आणि मी काय म्हटलंय हे न सांगता नळ्या दुसऱ्यांना दिल्या. त्यांचं आणि माझं जुळलं. मॅडमनी ते मला फोनवर सांगितलं आणि वर म्हणाल्या, मला वाटलंच होतं. त्या कौतुक करत नसत. माझ्यासाठी ते पदक होतं.

सल एक आहे. कल्चरचा निकाल येईपर्यंत काही बायका भट्टीवर, खडीवर निघून गेलेल्या असत. त्यांना शोधत आम्ही भिवंडी-कल्याणच्या भट्ट्या पालथ्या घातल्या. काही सापडल्या, काही नाही. आणि प्रकल्प संपला तेव्हा मायक्रोस्कोप परत गेला, पडवी पडवीच राहिली. बुधीआजीने विचारलं, आता कोन येनार? मॅडम तिच्याशी खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, सध्या तरी कोणी नाही.

मी त्यानंतर शहापूरकडेच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मलेरिया, थुंकी, साखर. धुपणीची तपासणी कधीमधीच. बुधीआजी गेल्याचं मला उशिरा कळलं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी एकदा दुपारी लॅबच्या दाराशी एक जोडपं उभं राहिलं. नुकतं लग्न झालेलं, डोळखांबच्या बाजूचं, दोघंही माझ्या ओळखीची नव्हती. मुलगी लाजत होती. मुलगाच पुढे झाला आणि म्हणाला, हिला धुपणी हाय, डाक्तरांनी तपासायला सांगितलंय, आमची दोघांची करा. मी म्हटलं, चिठ्ठी तर हिच्या एकटीच्या नावाची आहे. तुला काही त्रास आहे का? नाय, म्हणाला. मग तुला कोणी सांगितलं दोघांची करायला?

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखं.

"सांगायला कशाला पायजे? आमच्यात दोघांचीच करतात," तो म्हणाला. "पयल्यापासनं."